घड्याळाची राखण कोणी करायची?



घरात सर्वांत आधी कोणी उठायचं, हा प्रश्न आपल्याकडे कुणी विचारत नाही. उत्तर ठरलेलंच असतं. नळाला पाणी पहाटे येणार, यजमानांची पहिली पाळी, मुलांची सकाळची शाळा, दोन नाहीतर तीन डबे, वडीलधाऱ्यांचा चहा. ही सगळी रांग जिच्या उठण्यापासून सुरू होते ती आपण. आणि आपलं उठणं कशावर अवलंबून? उशाशी ठेवलेल्या घड्याळावर.

काही घरांत हे घड्याळ म्हणजे रेडिओ-घड्याळ असतं. अंधारात ठळक आकडे दिसतात, ठरल्या वेळी कर्कश गजराऐवजी रेडिओ लागतो. मोठी छान सोय आहे. पण यातली बरीचशी घड्याळं भिंतीतल्या प्लगवर चालतात, आणि वीज काही आपल्याला सांगून जात नाही. म्हणून त्यांच्या पोटात एक छोटी बॅटरी बसवायची जागा ठेवलेली असते. ती बॅटरी नेमकं काय करते, काय करत नाही आणि तिच्यावर किती विसंबायचं, हे आज पाहू या.

बार्शीच्या एका भगिनीच्या पत्रावरून हा विषय निघाला. त्यांच्याकडे पाणी पावणेपाचला येतं. यजमान पहिल्या पाळीला जातात, मुलगा बारावीला आहे. पावसाळ्यात रात्री-अपरात्री लाइट जाते. पंखा थांबला की यांना जाग येते आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही. किती वाजले, उशीर तर होणार नाही ना, या काळजीत त्या पहाट करतात. बाकीचं घर निर्धास्त झोपलेलं असतं, कारण आई उठवणार हे सर्वांना ठाऊक! घड्याळात बॅटरी घातली तर मला पुरती झोप मिळेल का, असं त्यांनी विचारलं आहे.

प्रश्न साधा आहे, पण किती जणींच्या मनातला आहे, नाही का? सगळं घर आपल्या भरवशावर झोपतं आणि आपण मात्र घड्याळाला राखण बसतो. माझं उत्तर असं: मिळेल, झोप नक्की मिळेल. पण बॅटरी नुसती घालून नाही, तिची परीक्षा घेऊन.

"आता सगळ्यांकडे मोबाइल आहे, कशाला हवं ते घड्याळ?" असं कुणी म्हणेल. मोबाइलचा गजर चांगला असतो, त्याला स्वतःची बॅटरी असते, हे खरंच. पण तो रात्रभर उशाशी असला की निरोपांची टिंगटिंग चालू राहते, आणि वेळ बघायला म्हणून हातात घेतला की अर्धा तास कसा जातो ते कळत नाही. शिवाय चार्जिंगला लावल्यावर मध्येच वीज गेली तर सकाळपर्यंत तोही मान टाकू शकतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तर एका बटणाचा रेडिओच बरा वाटतो. तेव्हा ज्यांच्याकडे रेडिओ-घड्याळ आहे त्यांनी ते नीट वापरावं, एवढंच माझं म्हणणं.

बॅटरी नसली तर काय होतं?

२००५ नंतरची काही वर्षं आपल्या राज्यातल्या कितीतरी गावांनी भारनियमन सोसलं. त्रास फार होता, पण निदान त्याचं वेळापत्रक असायचं. फांदी पडून किंवा वादळवाऱ्यानं जाणारी वीज वेळापत्रक पाळत नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईसारख्या शहरातही वीज गेली आणि लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. ती सकाळची दहाची वेळ होती, म्हणून सर्वांना लगेच कळलं. रात्री दोनला वीज गेली आणि तीनला आली तर? गाढ झोपलेल्या घराला त्याचा पत्ताही लागत नाही.

अशा वेळी बॅटरी नसलेलं घड्याळ काय करतं ते बघा. वीज गेल्याबरोबर ते सगळं विसरतं. तीनला वीज आली की ते १२ पासून मोजायला लागतं, आणि आकडे लुकलुकत राहतात. म्हणजे खरे पाच वाजतील तेव्हा याच्या हिशेबानं दोनच वाजलेले असतात. पाचच्या गजराची आठवण त्यानं ठेवली असली, तरी तो वाजणार खऱ्या आठ वाजता. पुष्कळ घड्याळं तर गजराची वेळही विसरतात. पाणी येऊन गेलेलं, बस सुटलेली, आणि आपण घड्याळावर भरवसा ठेवून झोपलेल्या!

मी सकाळच्या शाळेत अर्धवेळ शिकवते. पावसाळ्यात पहिल्या तासाला उशिरा येणाऱ्या मुलांचं उत्तर मला पाठ झालं आहे: "बाई, रात्री लाइट गेली होती, गजरच झाला नाही." मी रागवत नाही, घड्याळात बॅटरी आहे का एवढं विचारते. घड्याळाला खालून एक छोटं झाकण असतं हेच बहुतेकांना माहीत नसतं. तुम्हीही आज घड्याळ उलटं करून बघा. झाकणाच्या आत जागा रिकामी असेल किंवा पाच वर्षांपूर्वीची बॅटरी निघेल!

बॅटरी असली तर काय होतं?

इथे बऱ्याच जणींचा गैरसमज असतो. बॅटरी घातली की वीज गेल्यावरही रेडिओ वाजणार, आकडे दिसणार, असं वाटतं. तसं नसतं. ही बॅटरी लहान असते. तिचं मुख्य काम एकच, वेळ आणि गजराची आठवण जपणं. वीज गेली की बहुतेक घड्याळांचे आकडे विझतात, कारण बॅटरी वाचवायची असते. अंधारात घड्याळ काळं दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही. आतल्या आत त्याचं मोजणं चालू असतं.

गजराच्या बाबतीत मात्र तीन तऱ्हा आहेत. पहिली, फक्त वेळ जपणारी. गजराच्या वेळी वीज नसेल तर ती गप्प राहते. दुसरी, वेळ जपून साधा टीं-टीं गजर करणारी, पण रेडिओ न लावणारी. तिसरी, तीन-चार मोठे सेल घालून रेडिओसकट सगळं चालवणारी. आपल्याकडची कुठली हे सोबतच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पुस्तिका हरवली असेल (हरवलेलीच असते!) तर हरकत नाही. घरच्या घरी कळतं.

अशी घ्या परीक्षा

दुपारी कामं आटोपल्यावर, वीज असताना, हे तीन प्रयोग करा.

पहिला: घड्याळ बरोबर लावा, प्लग काढा आणि दहा मिनिटांनी परत लावा. वेळ बरोबर दिसली तर बॅटरी काम करते आहे. १२ लुकलुकायला लागले तर बॅटरी संपली आहे किंवा नीट बसलेली नाही.

दुसरा: गजर पाच मिनिटं पुढचा लावा आणि प्लग काढून ठेवा. वाजला तर तुमचं घड्याळ दुसऱ्या किंवा तिसऱ्या तऱ्हेचं. नाही वाजला तर पहिल्या तऱ्हेचं, आणि मग उशाशी सेलवर चालणारं साधं गजराचं घड्याळ जोडीला हवंच. ते स्वस्त मिळतं आणि त्याला विजेशी देणंघेणं नसतं.

तिसरा: प्लग काढून दोन तास राहू द्या आणि मग भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून बघा. दोन-चार मिनिटांचा फरक पडला तर नवल नाही. त्याचं कारणही मजेशीर आहे. प्लगवर चालणारी पुष्कळशी घड्याळं वेळ मोजतात ती विजेच्या स्पंदनांवर. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० वेळा स्पंदन पावते, ती स्पंदनं मोजून घड्याळ सेकंद ठरवतं. वीज गेली की मोजायला काही उरत नाही, मग आतली एक कामचलाऊ सोय वेळ राखते, आणि ती थोडी पुढे-मागे होते. ज्या घड्याळांत मनगटी घड्याळासारखा क्वार्ट्झचा खडा असतो, ती बॅटरीवरही वेळ अचूक दाखवतात. तो खडा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो! तुमच्या घड्याळात फरक पडत असेल तर गजर दहा मिनिटं आधीचा लावा, आणि रात्री वीज जाऊन आली असेल तर सकाळी वेळ जुळवून घ्या.

याच स्पंदनांचा एक किस्सा सांगते. आमच्या शेजारच्या वहिनींना त्यांच्या दिरांनी अमेरिकेहून सुंदर रेडिओ-घड्याळ आणलं. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची, म्हणून मध्ये लावायचा ट्रान्सफॉर्मरही आणला होता. घड्याळ सुरू झालं, पण तासाला दहा मिनिटं मागे पडायचं. वहिनी म्हणाल्या, बिघडलेलंच दिलंय. घड्याळ बिघडलेलं नव्हतं. अमेरिकेत विजेची स्पंदनं ६० असतात आणि आपल्याकडे ५०, आणि ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, स्पंदनं नाही बदलत. साठ मोजायची सवय असलेल्या घड्याळाला आपला तास पन्नास मिनिटांचाच वाटणार! अशा काही घड्याळांना खालच्या बाजूला ५० आणि ६० असा छोटा खटका असतो, तो ५० वर करायचा. तो नसेल तर आपल्याकडे ते घड्याळ रेडिओ म्हणून वापरावं, गजरासाठी नाही. आणि ट्रान्सफॉर्मरशिवाय तर प्लग लावूच नये, घड्याळ जळून जाईल.

बॅटरी कोणती, कशी?

जुन्या पद्धतीच्या रेडिओ-घड्याळांत बहुधा नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते, तीच जिच्या डोक्यावर दोन बटणं असतात. तिच्यावर ६ एफ २२ असं छापलेलं असेल तर ती साधी, ६ एलआर ६१ असेल तर अल्कलाइन. चार पैसे जास्त गेले तरी अल्कलाइन घ्या, ती जास्त टिकते. साधी बॅटरी वर्षभर विसरून राहिली की गळण्याची भीती अधिक असते. चार्ज होणारी बॅटरी इथे घालू नये. घड्याळ तिला चार्ज करत नाही, ती बसल्या जागी उतरत जाते आणि नेमकी हवी तेव्हा दगा देते.

बॅटरी बदलताना घड्याळाचा प्लग लावलेलाच ठेवा, म्हणजे वेळ आणि गजर पुसले जात नाहीत. फक्त बॅटरीचंच झाकण उघडायचं, बाकी कुठल्याही स्क्रूला हात लावायचा नाही, आणि हात कोरडे हवेत. आत पांढरी पूड दिसली तर मात्र आधी प्लग काढा. ती गळलेल्या बॅटरीची खूण. अल्कलाइनच्या पुडीवर कापसाच्या बोळ्यानं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस अगदी थोडा लावून पुसा, मग कोरड्या फडक्यानं पुसून तासभर वाळू द्या. पूड उघड्या हातांना लागू देऊ नका, हातमोजे नसतील तर प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून काम करा.

बॅटरी कधी बदलायची? वर्षातून एकदा, संपली नसली तरी. मी त्यासाठी दिवस ठरवलाय तो माळ्यावरून छत्र्या काढायचा. मे अखेरीला वळीव सुरू होतो, पुढे मृग लागतं, शाळा उघडतात, आणि वीज जाण्याचा हंगामही तोच. नव्या बॅटरीवर चिकटपट्टी लावून तारीख लिहून ठेवावी, म्हणजे पुढच्या वर्षी "कधी बरं घातली होती?" असं आठवत बसायला नको. एखाद्या रात्री वीज तासन् तास गेली असेल तर वर्ष भरायची वाट न बघता पहिला प्रयोग पुन्हा करून बघावा.

"आमच्याकडे इन्व्हर्टर आहे," असं म्हणणाऱ्या मैत्रिणींनी एवढंच तपासावं, की पलंगाजवळचा प्लग इन्व्हर्टरवर आहे का. पुष्कळ घरांत दिवे-पंखेच त्यावर असतात. शिवाय काही स्वस्त इन्व्हर्टरच्या विजेवर स्पंदनं मोजणारं घड्याळ गोंधळतं आणि पुढे पळतं. आणि लांबलेल्या रात्री इन्व्हर्टरही दमतो. तेव्हा बॅटरी असू द्यावी.

बटन सेल असेल तर सावध!

नव्या घड्याळांत चौकोनी बॅटरीऐवजी रुपयाच्या नाण्यासारखा चपटा बटन सेल असतो. त्यावर सीआर २०३२ असं लिहिलेलं असतं, म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. घरात लहान मूल असेल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. हा सेल चकचकीत असतो आणि मुलं तो तोंडात घालतात. गिळताना तो अन्ननलिकेत अडकला तर ओलाव्यामुळे त्यातून वीज वाहू लागते आणि दोन तासांत आतून भाजून गंभीर इजा होऊ शकते. घड्याळासाठी "संपलेला" सेलसुद्धा एवढी इजा करू शकतो.

म्हणून सेल बदलताना मूल जवळ नको. झाकणाचा स्क्रू घट्ट बसवा. जुना सेल टेबलावर ठेवून उठू नका. आणि मुलानं गिळला अशी नुसती शंका आली, मूल एकाएकी लाळ गाळू लागलं, खोकू लागलं, खाईना झालं, तरी केळं भरवून बघू, उद्या बघू, असं करू नका. उलटी काढायचा प्रयत्नही करू नका. एक्स-रेची सोय असलेल्या दवाखान्यात तडक न्या, आणि सेलचं पाकीट मिळालं तर बरोबर घ्या. इथे मिनिटामिनिटाला मोल आहे.

चौकोनी बॅटरीचाही एक धोका असतो. तिची दोन्ही बटणं शेजारी-शेजारी असतात. काढलेली बॅटरी किल्ल्या, टाचण्या, सुटी नाणी असलेल्या खणात टाकली किंवा तारेच्या घासणीजवळ ठेवली, तर ठिणगी पडून आग लागू शकते. बटणांवर चिकटपट्टी लावूनच ती ठेवावी. वापरलेल्या बॅटऱ्या घरच्या केरात टाकायच्या नसतात. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांत त्या वेगळ्या द्यायला सांगितलं आहे. एका डब्यात साठवून इ-कचरा गोळा करणाऱ्यांना द्याव्यात. आणि बंबात तर कधीच टाकू नयेत.

झोपण्यापूर्वी चार गोष्टी

बॅटरी चांगली असूनही गजर चुकतो तो बहुधा या चार कारणांनी. घड्याळ बारा तासांचं असेल तर एएम-पीएमचा ठिपका बघा. वेळ पीएमवर राहिली की पहाटेचा पाच संध्याकाळी वाजतो! रेडिओचा आवाज रात्री बारीक केला असेल तर पहाटेही तो बारीकच लागणार. पहाटे तुमच्या गावी ते केंद्र सुरू झालेलं नसेल तर नुसती खरखर ऐकू येईल, अशा वेळी टीं-टीं गजरच बरा. आणि गजराचं बटण चालू आहे ना, हे बघितल्याशिवाय दिवा मालवू नका.

आता बार्शीच्या भगिनींना, आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांना, एक आगाऊपणाचा सल्ला. तिन्ही परीक्षांना घड्याळ उतरलं की ते तुमच्या उशाशी ठेवू नका. बारावीतल्या मुलाच्या खोलीत ठेवा. वर्षाची बॅटरी बदलणं, वीज जाऊन आल्यावर वेळ जुळवणं आणि पहाटे मोटर सुरू करून आईला हाक मारणं, ही कामं त्याला सांगा. मुलगा काय, मुलगी काय, शास्त्राच्या पुस्तकातली स्पंदनं त्यांना या निमित्तानं चांगली कळतील. पहिले आठ दिवस तुम्हाला सवयीनं जाग येईल, तरी मुद्दाम उठू नका. वाजू द्या गजर, उठू दे त्याला! घड्याळाची राखण घरातल्या कुणालाही करता येते. ती बाईच्याच झोपेतून वसूल व्हावी असा काही नियम नाही.

तुमच्या घड्याळाची परीक्षा झाली की निकाल कळवा हं. पुढच्या वेळी इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी कोणतं, किती आणि कधी घालायचं ते पाहू.